दोन गोण्या आणि पाच जागा : कोथरूडच्या एका घरातले कोंब आलेले बटाटे

घर पुण्यात, कोथरूडला. इमारतीचा शेवटचा मजला, वर थेट गच्ची. घरात सहा माणसं : आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन शाळकरी नातवंडं. आजींचं माहेर खेड तालुक्यातलं. तिथे भावाची ओलिताखालची जमीन आहे आणि रब्बीचा बटाटा निघाला की दरवर्षी फेब्रुवारीअखेर दोन गोण्या बहिणीकडे पोचतात. गोणी पन्नास किलोची. भाऊ पैसे घेत नाही, त्यामुळे ‘यंदा एकच पाठव’ असं म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती.

गेल्या वर्षी मेच्या मध्यावर सुनेनं मला वर बोलावलं. शेतमालाच्या साठवणुकीत मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सोसायटीतली कांद्या-बटाट्याची तक्रार बहुतेक माझ्याच दारी येते. तिचा प्रश्न सरळ होता. “ताई, अंधारात ठेवले तरी कोंब येतातच. मग ठेवायचे तरी कुठे?”

बटाटे निम्म्याच्या आसपास संपले होते. उरलेले एका जागी मावेनात म्हणून पाच ठिकाणी विखुरले होते, आणि या प्रकरणातली हीच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. एकच शेत, एकच वाण, काढणी एकाच दिवसाची. फरक फक्त जागेचा. ठरवून प्रयोग करायला गेलं तर इतका नेटका जमत नाही.

पाच जागा

पहिली जागा ओट्याखालची ट्रॉली. बंद, अंधारी, वर गॅस, शेजारी कांदे. इथल्या बटाट्यांना बोटभर लांब, पांढुरके, ठिसूळ कोंब आले होते आणि सालावर सुरकुत्या पडल्या होत्या. मी दुपारी तापमापक ठेवला तर पारा ३४ अंशांपर्यंत गेला.

दुसरी जागा माळा, थेट गच्चीच्या स्लॅबखाली. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यात, तोंड बांधून. याबद्दल फार लिहीत नाही. वास जिन्यापर्यंत येत होता. खालचे बटाटे पाणी सुटून लिबलिबीत झालेले. वरून धड दिसणारे काही कापले तर आतला गाभा काळा. बटाटा जिवंत असतो, श्वास घेतो. उष्णता वाढली की त्याचा श्वास वाढतो, पोत्यात हवा खेळत नाही, आणि आतल्या पेशी प्राणवायूवाचून मरतात. वरून धडधाकट आणि आतून काळा, असा बटाटा दिसला की तो उकाड्यात कोंडला होता हे खुशाल समजावं.

तिसरी जागा ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनशेजारी, उघड्या क्रेटमध्ये. इथले कोंब आखूड, जाडसर, जांभळट-हिरवे. पण बटाट्यांची सालंही हिरवी पडलेली.

चौथी जागा फ्रिजचा भाजीचा कप्पा. एकालाही कोंब नाही. दिसायला सगळ्यात देखणे हेच. पण आजींनी आदल्या एकादशीला त्यांचाच किस करून तळला होता, तो तांबूस-काळा झाला आणि चवीला गोडसर लागला. आजींचं निदान : “तेल जुनं असेल.” तेल नवंच होतं.

पाचवी जागा आजींनी स्वतः निवडलेली. उत्तरेकडच्या खोलीत कॉटखाली, फरशीवर वर्तमानपत्र घालून बांबूच्या टोपलीत एक-दोन थर पसरलेले, वरून जुनं सुती लुगडं. फरशीजवळ तापमान २९-३० च्या आसपास. डोळे नुकते फुगायला लागले होते, काहींना तांदळाच्या दाण्याएवढे अंकूर. बाकी बटाटे टणक. सुनेला ही जागा ‘गबाळी’ वाटायची, पण निकाल याच जागेच्या बाजूनं लागला होता.

अंधाराचं काम वेगळं

अंधारात ठेवलं की कोंब येत नाहीत, हा समज घरोघरी आहे. तो चूक आहे. उजेड आणि कोंब यांचं नातं जवळजवळ उलटं आहे. मिणमिणत्या उजेडात कोंब आखूड आणि दणकट राहतो, अंधारात तो उजेड शोधत लांबत जातो. बेण्याचा बटाटा विखुरलेल्या मंद उजेडात ठेवायची पद्धत याच गुणावर उभी आहे. लावताना मोडणार नाही असा कोंब शेतकऱ्याला हवा असतो. ट्रॉली आणि बाल्कनीतला फरक तंतोतंत हाच होता.

मग अंधार कशासाठी? हिरवेपणा टाळण्यासाठी. उजेडात सालीत हरितद्रव्य तयार होतं. ते निरुपद्रवी असतं, पण त्याच उजेडानं सोलॅनिन आणि चॅकोनिन ही कडू विषद्रव्यंही वाढतात. चांगल्या बटाट्यात त्यांचं प्रमाण किलोमागे साधारण २० ते १०० मिलिग्रॅम असतं. २०० च्या वर गेलं की बटाटा खाण्याजोगा मानत नाहीत. कोंबात तर ते याच्या कितीतरी पट असतं. उकडून किंवा तळून ते फारसं कमी होत नाही, हे मी सुनेला दोनदा सांगितलं, कारण ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की सगळं मरतं’ हा आपला आणखी एक ठाम विश्वास. लंडनमधल्या लुइशमच्या एका शाळेत उन्हाळी सुट्टीभर पडून राहिलेल्या गोणीतले बटाटे मुलांना शिजवून वाढले गेले. ७८ मुलं आजारी पडली, १७ जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. सगळी बरी झाली, पण बटाटे शिजवलेलेच होते, हे लक्षात ठेवण्यासारखं.

कोंब येणं न येणं दोन गोष्टींवर ठरतं : बटाट्याचं वय आणि तापमान. काढणीनंतर बटाटा सुप्तावस्थेत असतो. या काळात त्याला कितीही पोषक जागा दिली तरी तो फुटत नाही. हा काळ वाणागणिक बदलतो, ढोबळ मानानं दोन ते तीन महिने. उष्णतेत तो आखडतो. सुप्तावस्था संपली की पुढचा वेग तापमानाच्या हातात. चार अंशांखाली कोंब जवळजवळ थांबतो, विशीच्या आसपास जोमानं वाढतो.

फेब्रुवारीअखेर काढलेला बटाटा मेच्या मध्यावर अडीच महिन्यांचा झाला होता. त्याचा वेळ भरला होता. पाचही जागांनी एवढंच ठरवलं की वेळ भरल्यावर तो कसा वागेल.

सुनेनं मोबाइलवर वाचलेला सल्ला होता ‘७ ते १० अंश तापमानाच्या थंड, अंधाऱ्या, हवेशीर जागेत ठेवा’. सल्ला बरोबर आहे, फक्त तो तळघर असलेल्या घरांसाठी आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८-४० अंश असताना शेवटच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दहा अंशांची जागा एकच, फ्रिज. आणि तो त्याहूनही थंड.

दुसरी गोणी

इथे मी जागेचा विषय बाजूला ठेवला आणि हिशेब मांडला. सहा माणसांच्या त्या घराला आठवड्याला पाच किलोच्या आसपास बटाटा लागतो. म्हणजे दहा आठवड्यांत पन्नास किलो, बरोबर एक गोणी. आणि सुप्तावस्थाही साधारण तेवढीच. पहिली गोणी कुठेही ठेवली असती, अगदी ट्रॉलीत, तरी फारसं बिघडलं नसतं. ती कोंब यायच्या आत संपतेच. त्रास सगळा दुसऱ्या गोणीचा.

“पण दोन गोण्या तर पूर्वीपासून येतात,” आजी म्हणाल्या. “तेव्हा नाही कधी असं झालं.”

खरं होतं ते. मी विचारलं, तेव्हा दुसऱ्या गोणीचं काय करायचात? त्यांनी हात उडवला. “काय करणार, वाळवण!” मार्च-एप्रिलात गच्चीवर बटाट्याचा किस, वेफर, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या, पापड्या. जावा-नणंदांची वाटणी त्यातूनच निघायची. बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे पाच किलो बटाट्याचा वाळलेला किस जेमतेम किलोभर भरतो. जवळजवळ अख्खी गोणी एप्रिल संपायच्या आत दोन-तीन डब्यांत जाऊन बसायची आणि वर्षभराचे उपवास निघायचे. सात-आठ वर्षांपूर्वी आजींचे गुडघे गेले, सुनेची नोकरी सुरू झाली, गच्चीवर सौर पॅनेल आले. वाळवण थांबलं. गोण्या मात्र दोनच येत राहिल्या.

माझ्या मते या प्रकरणाचं निदान इथे आहे, कॉटखाली किंवा ट्रॉलीत नाही. जुन्या घरांत बटाटे टिकायचे ते काही गुप्त युक्तीनं नाही. टिकवायचे तेवढेच बटाट्याच्या रूपात ठेवले जायचे, बाकीच्यांचं रूप बदलायचं. आपण खरेदीची सवय ठेवली आणि तिच्यामागचं काम सोडलं, मग कोंबांना दोष देतो.

उरलेल्यांचं काय केलं

आधी निवड. माळ्यावरचं पोतं सोसायटीच्या खतखड्ड्यात रिकामं केलं, त्यातलं काही वाचवायच्या भानगडीत पडलो नाही. ओल्या सडक्याला लागलेला बटाटा चार दिवसांत तोही सडतो.

बाल्कनीतल्यांपैकी निम्म्याहून अधिक हिरवे असलेले सरळ टाकले. आजोबांना ते जड गेलं, “एवढं फुकट?” असं ते पुटपुटत राहिले. एका बाजूला जरासा हिरवा डाग असलेले ठेवले, पण हिरवा भाग जाडसर कापून, साल काढून मगच शिजवायचे. आपल्याकडे बटाटा सालासकट उकडून मग सोलतात. हिरव्या डागाचा किंवा कोंबाचा बटाटा मात्र आधी साफ करावा आणि नंतर उकडावा. चव कडवट लागली, घशात चुरचुरलं तर भाजी टाकून द्यावी, मीठ-साखर घालून सावरू नये.

ट्रॉलीतले आणि टोपलीतले जे टणक होते, त्यांचे कोंब डोळ्यासकट खोल कोरून काढले आणि ते आधी वापरायला घेतले. मऊ पडलेले, सुरकुतलेले बाद. इथे सुनेनं एक चांगला प्रश्न विचारला : सगळ्यांचे कोंब आत्ताच मोडून ठेवले तर? उपयोग नाही. शेंड्याकडचा कोंब पहिला येतो आणि तो असेपर्यंत बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो मोडला की इतर चार डोळे जागे होतात. प्रत्येक खेपेला बटाटा आतून रिकामा होत जातो. मोडायचे ते शिजवायच्या दिवशीच.

नातवाला काही बटाटे कुंडीत लावायचे होते. मे महिन्यात लावले तर पाला येईल, बटाटे नाहीत. कंद धरायला रात्री गार लागतात. त्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांब म्हटलं. अर्थात नातवंडं थांबत नाहीत. पाला आला.

फ्रिजमधल्यांची गोष्ट वेगळी. थंडीत बटाट्यातला स्टार्च ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो. तळताना ही साखर करपून रंग येतो आणि त्याच क्रियेत अ‍ॅक्रिलामाइड हा नकोसा पदार्थही तयार होतो. म्हणून कित्येक वर्षं ‘बटाटे फ्रिजमध्ये नको’ असा सल्ला दिला जायचा. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २०२३ मध्ये तो बदलला. घरगुती साठवणुकीत त्यानं म्हणावा असा फरक पडत नाही, उलट बटाटे वाया कमी जातात, असं त्यांचं म्हणणं. मी या बाबतीत मधली वाट सुचवली. फ्रिजमधला बटाटा रस्सा, पराठा, उकडून केलेल्या भाजीला खुशाल वापरावा. किस, वेफर, काचऱ्या, तळणीला नको. तळायचाच असेल तर दोनेक आठवडे बाहेर काढून ठेवावा, म्हणजे वाढलेली साखर बरीचशी उतरते. फक्त फ्रिजमध्ये ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत घाम धरतो. कापडी पिशवी किंवा कागद बरा.

ट्रॉलीतले कांदे मी तिथून हलवायला लावले. कांदा-बटाटा एकत्र नको हे बरोबरच, पण ‘कांद्याच्या वायूनं बटाट्याला कोंब येतात’ हे कारण मला पटत नाही. कांदा इथिलीन फारच कमी सोडतो. खरं नुकसान कांद्याचं होतं. बटाटा ओलावा सोडतो आणि कांद्याला कोरडं हवं असतं.

सफरचंद, ‘शुगर फ्री’ आणि लासलगाव

सुनेनं मधल्या काळात टोपलीत एक सफरचंद ठेवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली युक्ती. तिच्या जावेला नेमकी उलटी युक्ती आलेली : सफरचंदाजवळ बटाटे ठेवू नका, लवकर फुटतात. गंमत म्हणजे दोन्हींत तथ्य आहे. सफरचंद इथिलीन सोडतं. इथिलीनचा थोडा वेळ झालेला संपर्क बटाट्याची सुप्तावस्था मोडू शकतो. तेच इथिलीन सतत आणि ठरावीक प्रमाणात मिळालं तर कोंबाची लांबी वाढू देत नाही. परदेशात काही शीतगृहांत ते याच कामासाठी वापरतात. पण तिथे बंद खोली असते, मोजून सोडलेला वायू असतो. वारा खेळणाऱ्या टोपलीत एका सफरचंदानं यातलं काहीच साधत नाही, शिवाय मेमध्ये सफरचंद बटाट्यापेक्षा कितीतरी महाग.

“मग दुकानातल्या बटाट्याला महिनोन्‌महिने कोंब का नसतात?” आजोबांचा प्रश्न. कारण तो शीतगृहातून येतो. खाण्याचा बटाटा पुष्कळदा २ ते ४ अंशांवर ठेवतात, म्हणून तो गोड होतो. वेफरवाल्यांना गोड चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी १०-१२ अंशांवर ठेवून क्लोरप्रोफाम या कोंबरोधकाची धुरी देतात. बाजारात ‘शुगर फ्री बटाटा’ म्हणून ओरडून विकतात तो हा. मधुमेहाशी त्याचा संबंध नाही, हे आजोबांना ऐकून जरा वाईट वाटलं. ते मुद्दाम जास्त पैसे देऊन तोच आणत होते. युरोपीय संघानं २०१९ मध्ये या रसायनाची परवानगी पुढे चालू ठेवली नाही आणि २०२० पासून तिथे वापर बंद झाला. घरी वापरायची ही वस्तू नव्हेच.

आणखी एक वाट आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्टच्या गॅमा किरणांची अगदी थोडी मात्रा दिली की कांद्या-बटाट्यातल्या कोंबाच्या पेशी वाढू शकत नाहीत. माल किरणोत्सारी होत नाही. भारतात कांदा-बटाट्याला याची परवानगी १९९४ पासून आहे, तरी हे केंद्र लोकांना माहीत झालं ते अमेरिकेला जाणाऱ्या हापूसमुळे. दोन गोण्यांसाठी तिकडे कोणी जाणार नाही, पण कोंब थांबवायला खरोखर काय काय लागतं याची कल्पना येते : एक तर शीतगृह, नाही तर रसायन, नाही तर किरण. टोपली, कागद, सुती कापड यांनी दोन-तीन आठवडे मिळतात. हे कमी नाही, पण चार महिने मिळणार नाहीत.

ऑक्टोबर आणि पुढचा फेब्रुवारी

पावसाळ्यात त्या घरानं थोडे थोडे बटाटे बाजारातून आणले. ऑक्टोबरात मला पुन्हा हाक आली. आग्र्याचा बटाटा आणला, दहा किलो, आणि आठवड्यातच कोंब. टोपली तीच, खोली तीच, हवाही आता मेसारखी नाही. मग काय चुकलं?

चुकलं काहीच नव्हतं, वय पाहिलं नव्हतं. उत्तरेकडचं मुख्य पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं. ऑक्टोबरात येणारा आग्र्याचा माल सात-आठ महिन्यांचा असतो. शीतगृहात तो नुसता दाबून ठेवलेला असतो, सुप्तावस्था कधीच संपलेली. बाहेरची ऊब लागली की तो थांबत नाही. असा बटाटा आठवड्यापुरताच आणावा. त्याच दिवसांत मंचरकडचा, सातगाव पठाराचा खरिपाचा बटाटा बाजारात येतो. तो नुकता काढलेला, त्याच्या हातात दोन महिने असतात. भाजीवाल्याला ‘ताजा आहे का’ असं विचारून काही कळत नाही, ‘नवा की कोल्डचा’ असं विचारावं, तो बरोबर सांगतो. न विचारताही बरंच कळतं : नव्या बटाट्याची साल पातळ, अंगठ्यानं घासली की सुटते, कोल्डचा बटाटा जाड सालीचा आणि हाताला किंचित मऊ. मात्र अगदी कोवळ्या सालीचा नवा बटाटाही साठवायला घेऊ नये, तो खरचटतो आणि तिथून सडतो. साठवणीला साल पक्की झालेला, माती झटकलेला पण न धुतलेला हवा.

यंदा फेब्रुवारीत आजींनी भावाला फोन केला. एकच गोणी पाठव म्हणाल्या. भाऊ नाराज झाला. मग असं ठरलं की दुसरी गोणी त्यानं शेतातच, झाडाखालच्या अरणीत, म्हणजे बटाट्याच्या ढिगात, उसाच्या पाचटाखाली ठेवायची आणि एप्रिलअखेर इकडे आली तर आली. मी याला फारशी अनुकूल नव्हते. अरणीतला माल उन्हाळा तापला की पाकोळीच्या, म्हणजे बटाट्यावरच्या पतंगाच्या, तोंडी जातो. तिची अळी डोळ्यातून आत शिरते आणि बाहेर काळी विष्ठा तेवढी दिसते. आधी तीच संपवा, घरचे नंतर खा, असं सुचवलं.

सुनेनं वेगळाच तोडगा काढला. मार्चमधल्या दोन रविवारी पंधरा किलोंचा किस केला, गच्चीवर जागा नाही म्हणून बाल्कनीत, खाटेवर प्लॅस्टिक अंथरून. किसण्याचं काम मुलानं केलं. आजी खुर्चीवर बसून तुरटीचं पाणी किती आणि उकळी किती हे सांगत होत्या. उरलेले टोपलीत कॉटखाली आहेत, दर शनिवारी हात फिरवून एखादा मऊ लागला तर काढला जातो, आणि शेवटचे सात-आठ किलो मेच्या पहिल्या आठवड्यात फ्रिजमध्ये जाणार आहेत, रश्शासाठी.